गटाची दुर्बीण आणि माझा चुकलेला हिशोब

मी पेशाने लिपिक आहे. बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो आणि तेव्हापासून दुसऱ्यांची बिले तपासण्यातच उमेद गेली. माझ्या टेबलावरून चुकीचे बिल सहसा पुढे सरकत नाही, असे कार्यालयात म्हणतात. परंतु तीन हजार दोनशे रुपयांचा एक हिशोब माझ्या हातून असा चुकला की, तो दुरुस्त करायला दोन वर्षे लागली. तो हिशोब दुर्बिणीचा होता. आपल्यापैकी कोणी मुलांसाठी किंवा मंडळासाठी पक्षी पाहण्याची दुर्बीण घेण्याच्या विचारात असेल, तर माझी चूक त्याच्या उपयोगी पडावी, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

आम्ही नाशिकरोडला राहतो. वस्तीत संध्याकाळी एक अभ्यासिका चालते. मी आणि काही मित्र तेथे मुलांचा अभ्यास घेतो. येथून एस.टी.ने निफाड गाठले आणि पुढे मिळेल त्या वाहनाने गेले की नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य लागते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ येथे बंधारा आहे. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती माजल्या आणि हिवाळ्यात हजारो पक्षी उतरू लागले. १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झाले. २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. रामसर हे इराणमधील गाव. तेथे १९७१ साली पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून हे नाव. एवढ्या मानाची जागा आमच्या इतक्या जवळ, पण वस्तीतील एकाही मुलाने ती पाहिलेली नव्हती. पक्षी पाहणे हा गाडी-बंगलेवाल्यांचा छंद, आपला तो प्रांत नव्हे, असाच आपल्याकडे समज आहे. माझाही होता.

डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो. अठरा मुले आणि आठ मोठी माणसे, एकूण सव्वीस. सोबत दोन डोळ्यांच्या साध्या दुर्बिणी दोन होत्या. त्यांच्यावर ८×४० असे लिहिलेले असते. म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर असतो. चापडगावच्या मनोऱ्यावरून जवळचे वारकरी पक्षी छान दिसले. पण खरी गर्दी लांब, पाण्याच्या मधोमध होती आणि तेथले पक्षी म्हणजे नुसते काळे ठिपके. शेजारी एक मंडळी तीन पायांच्या घोडीवर मोठी, एका डोळ्याने पाहायची दुर्बीण लावून बसली होती. आमची पोरे त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. ती माणसे आपल्या कामात गर्क होती, त्यांचा काही दोष नव्हता. पोरे थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली.

येताना गाडीत एका मुलाने विचारले, "काका, ते एका डोळ्यानं काय बघत होते?" मी म्हटले, "त्याला स्पॉटिंग स्कोप म्हणतात." लगेच दुसरा म्हणाला, "आपण घेऊ ना!" आणि ठरले.

मे २०२२ पासून वर्गणी सुरू केली. मोठ्यांनी महिन्याला ५० रुपये, मुलांनी १० रुपये. आठ जणांचे ४०० आणि अठरा मुलांचे १८०, असे महिन्याचे ५८० रुपये. सहा महिन्यांत ३,४८० रुपये जमले. मुलांचे दहा-दहा रुपये कसे येत होते, ते मला माहीत आहे. कोणी वडापाव सोडला, कोणी रद्दी विकली.

आता माझी हुशारी ऐका. दुकानात चौकशी केली तर वीस ते साठपट दाखवणारी दुर्बीण दहा-बारा हजारांच्या खाली मिळेना. आणि मोबाईलवर एका विक्रेत्याकडे १००× असे खोक्यावर छापलेली दुर्बीण, सोबत घोडी फुकट, ३,२०० रुपयांना! मी चक्क कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि रुपयामागे किती पट मिळते, असा दर काढला. शंभरपटीची तर फारच स्वस्त पडत होती. मागवून टाकली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ती घेऊन मनोऱ्यावर गेलो. मुलांची रांग लावली. एकेकाने डोळा लावायचा, मी विचारायचे, "दिसलं का?" ते म्हणायचे, "दिसलं." मी वहीत खूण करायचो. वारा सुटला की वीतभर घोडी थरथरायची, पण मुले "दिसलं" म्हणत होती. माझ्या वहीत सव्वीसच्या सव्वीस खुणा झाल्या. मी स्वतः पाहिले तेव्हा काहीतरी करडे हलताना दिसले. मला वाटले, माझीच नजर उतरली असेल.

आमचा एक रिवाज आहे. सहलीहून आल्यावर प्रत्येकाने आपल्या वहीत काय पाहिले ते चार ओळींत लिहायचे. त्या रात्री वह्या वाचताना आठवीतील एका मुलीची वही हाती आली. ही मुलगी चष्मा लावते. तिने लिहिले होते : "मला फक्त काळे दिसले. चष्मा काढला तर अजूनच पुसट झाले. पण सगळ्यांचे पैसे खर्च झाले होते आणि काकांनी एवढ्या लांबून आणली होती, म्हणून मी दिसले म्हणाले."

मी पुन्हा सगळ्या वह्या चाळल्या. पक्ष्याचा रंग किंवा चोच लांबच्या दुर्बिणीतून पाहिल्याचे कोणीच लिहिले नव्हते. जे लिहिले होते ते सारे जवळच्या पक्ष्यांचे. म्हणजे सव्वीसही खुणा खोट्या होत्या. मुलांनी मला सांभाळून घेतले होते.

सौ.ला वही दाखवली. ती म्हणाली, "अहो, पावती आहे का?" पावती होती, पण परत घेण्याची मुदत टळून गेली होती. मग ती म्हणाली, "पैसे तुम्ही भरून टाका. पण नुसते भरू नका, पोरांना सांगा की चूक झाली." पैसे भरणे सोपे होते. पगारातून दोन हप्त्यांत ३,२०० रुपये डब्यात टाकले. मुलांसमोर उभे राहून सांगणे मात्र जड गेले. मी सांगितले की काकांनी आकडा पाहिला, वस्तू पाहिली नाही, आणि वर तुम्हांला खोटे बोलायची पाळी आणली. मुले गप्प बसली. ती चष्म्याची मुलगी खाली मान घालून बसली होती, जणू चूक तिचीच.

जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा गेलो. या वेळी एका स्थानिक वाटाड्याला सोबत घेतले. त्याच्याकडे चांगली दुर्बीण होती. मी आमची शंभरपटीची त्याला दाखवली. तो हसला नाही, हे मला आवडले. म्हणाला, "सर, पुढचं भिंग मोजा." मोजले, ५० मिलिमीटर. "आता पन्नासला शंभरानं भागा." अर्धा. "अर्धा मिलिमीटर. एवढ्या भोकातून उजेड डोळ्यात येणार. कसं दिसणार?"

बंधू-भगिनींनो, एवढा साधा भागाकार! पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याची रुंदी. वाटाड्याच्या दुर्बिणीचे भिंग ८० मिलिमीटरचे होते आणि त्याने ती वीसपटीवर लावली होती. ८० भागिले २०, चार मिलिमीटर. म्हणून त्याचे चित्र उजळ होते. पट वाढवली की उजेड कमी होतो, चित्र अरुंद होते आणि घोडीचा प्रत्येक कंप तितक्याच पटीने वाढतो. बँकेत व्याज जास्त देतो म्हणणाऱ्या भामट्याला मी एका वाक्यात ओळखतो, पण खोक्यावरच्या शंभराला भुललो.

मग त्याने त्या मुलीला जवळ बोलावले. दुर्बिणीच्या डोळा लावायच्या टोकाला रबराची एक कड असते. ती त्याने पिळून खाली बसवली आणि म्हणाला, "ताई, चष्मा राहू दे. भिंगाला टेकवू नकोस, हळूच जवळ ये." ती थोडा वेळ डोके मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "पाय गुलाबी आहेत! लांबच्या लांब गुलाबी पाय!" तो शेकाट्या होता. नंतर माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, हे खरं दिसलं."

त्या दिवशी मी ठरवले की या मुलीला चष्म्यासकट दिसेल तीच दुर्बीण घ्यायची. घाई करायची नाही. डब्यात २८० रुपये उरलेले आणि मी भरलेले ३,२०० होते. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२४ या चोवीस महिन्यांत ५८० प्रमाणे १३,९२० जमले. एकूण १७,४०० रुपये. या दोन वर्षांत मी जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, ज्याच्याकडे साधी दोन डोळ्यांची दुर्बीण नाही, त्याने आधी ती घ्यावी. ८×४२ किंवा तिच्या आसपासची. झाडीतले पक्षी तिनेच पाहायचे असतात. स्पॉटिंग स्कोप लागतो तो तळे, धरण, खाडी अशा ठिकाणी, जेथे पक्षी लांब आणि बराच वेळ एका जागी असतात. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा लांबून सारखेच दिसतात. एकाचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर. तो फरक पाहायचा तर स्कोप हवा.

दुसरी गोष्ट, भिंगाचा आकार. आपल्या आवाक्यात दोन प्रकार येतात. साधारण ६० ते ६५ मिलिमीटरचा आणि ८० मिलिमीटरचा. मोठ्यात पहाटे आणि सांजेला उजेड जास्त मिळतो, पण तो जड, आणि त्याला घोडीही भक्कम लागते. आम्ही एस.टी.ने जाणारे, मुले सामान वाहणार. शिवाय स्वस्त दुर्बिणीत साठपट नावालाच असते. खरे काम वीस ते चाळीस पटीतच होते. ६५ भागिले २०, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. सकाळच्या उन्हात तेवढे पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट, सरळ की वाकडी? सरळ दुर्बिणीत नेम चटकन साधतो. तिरक्या डोळ्याच्या दुर्बिणीत पाहणारा वरून खाली वाकून पाहतो. गटासाठी तिरकीच घ्यावी. घोडी कमी उंचीवर लावता येते, म्हणून ती वाऱ्यात कमी हलते. चौथीचे पोर आणि सहा फुटी माणूस एकाच दुर्बिणीतून पाहू शकतात, दर वेळी घोडी वरखाली करावी लागत नाही. नेम धरायला सुरुवातीला त्रास होतो. त्यावर उपाय, आधी साध्या दुर्बिणीने पक्षी हेरायचा, त्याच्या रेषेतले झाड किंवा खांब ध्यानात ठेवायचा, मग स्कोप वीसपटीवर ठेवून तेथे न्यायचा. पट नंतर वाढवायची.

चौथी गोष्ट चष्मेवाल्यांची. डोळा भिंगापासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, त्या अंतराला दुकानदार 'आय रिलीफ' म्हणतात. चष्मेवाल्याला ते १५ मिलिमीटर किंवा अधिक हवे. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून, दुर्बीण फिरवून चित्र स्पष्ट करता येते. पण तिरकस नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल असेल, तर तसे जमत नाही. आमच्या मुलीचा नंबर तसलाच होता. वस्तू घेण्यापूर्वी हा आकडा कोणीही विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

पाचवी गोष्ट घोडीची. सगळे पैसे दुर्बिणीत घालून घोडी फुकटची घेऊ नये. हलत्या घोडीवर लाख रुपयांची दुर्बीणही कुचकामी. स्वारोव्स्की, झाइस, कोवा यांच्या वरच्या प्रतीच्या दुर्बिणी खरोखरच लाखांच्या घरात जातात. आपण तिकडे पाहू नये. मी एकूण रकमेच्या चौथा हिस्सा घोडीसाठी बाजूला काढला. तिचे डोके अडखळत नव्हे, तेलावर फिरल्यासारखे सावकाश फिरायला हवे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, फोर्टमधल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात. सोबत ती मुलगी, आता दहावीत गेलेली, आणि तिचे वडील. दुकानदाराने दोन दुर्बिणी काढल्या. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी. एक ६५ची, एक ८०ची. तेवढ्याच पैशात ८०! माझे मन पुन्हा मोठ्या आकड्याकडे धावले. खोटे कशाला बोलू?

आम्ही दुकानाच्या दारात घोडी लावली. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरे वाचून पाहिली, आधी वीसपटीवर, मग वाढवत. आभाळावर दिसणारी विजेची तार पाहिली. तारेच्या कडेला जांभळी किनार किती दिसते, यावरून भिंगाचा कस कळतो. थोडी किनार दोन्हींत होती, या किमतीत ती असणारच. चित्राच्या कडा पाहिल्या, गोल कळ फिरवून ती अडकते का ते पाहिले. पुढच्या भिंगावर पडलेले दिव्याचे प्रतिबिंब पाहिले. चांगल्या लेपाच्या भिंगात ते हिरवट-जांभळे आणि मंद दिसते, साध्या भिंगात पांढरेफटक.

मग मुलीला म्हटले, "बघ." तिने ८०ची पाहिली. बराच वेळ पाहत राहिली. मी अधीर होऊन विचारले, "दिसलं ना?" तिने एकदा वडिलांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "नाही काका. मधलंच दिसतं. कडेला काळं येतं." वडील ओशाळले, "अगं, मोठी आहे ती, नीट बघ." ती म्हणाली, "नीटच बघितलं." मग तिने ६५ची पाहिली आणि पाटीवरचा दूरध्वनी क्रमांक सबंध वाचून दाखवला.

आम्ही ६५ची घेतली. दुर्बीण ११,८०० रुपये, घोडी ४,२०० रुपये, एकूण १६,०००. पक्के बिल आणि हमीपत्र घेतले. उरलेल्या १,४०० रुपयांत पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आणल्या, कारण दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. बाकी रक्कम प्रवासासाठी डब्यात ठेवली. परतीच्या गाडीत मुलीने दुर्बीण मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता आम्ही सकाळी सातच्या आत मनोऱ्यावर असतो. ऊन तापले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि कोणत्याही दुर्बिणीतले चित्र वितळते. तोपर्यंत थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच, चमच्याची चमच्यासारखी चोच, गवतावरून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या, सारे पाहून होते. वहीत मी एक रकाना वाढवला आहे : 'दिसले नाही'. त्यात लिहिणाऱ्याला आम्ही रांगेत पुन्हा पहिला नंबर देतो. पहिल्या सहलीला त्या रकान्यात सात नावे आली. त्या सातही जणांना आम्ही परत दाखवले.

वाचकहो, तुम्ही दुर्बीण घ्याल तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचा, भागाकार करा, पक्के बिल घ्या. आणि पैसे देण्यापूर्वी ती तुमच्यातल्या सर्वांत अडचणीच्या माणसाच्या हाती द्या. चष्मेवाल्याच्या, म्हाताऱ्याच्या, बुटक्या पोराच्या. पण त्याला 'नाही' म्हणता येईल अशा बेताने विचारा. माझ्यासारखे "दिसलं ना?" असे विचारू नका.

गेल्या हिवाळ्यात ती मुलगी अकरावीत होती. मनोऱ्यावर दुर्बीण तीच लावते. दुसरीतला एक मुलगा नव्याने आला होता. त्याने डोळा लावला आणि लगेच "दिसलं, दिसलं" म्हणून उडी मारली. तिने त्याचा हात धरून थांबवले आणि विचारले, "काय दिसलं ते सांग आधी." तो गप्प झाला. तिने रबराची कड वर घेतली, घोडी थोडी खाली केली आणि त्याला पुन्हा जवळ बोलावले.